हप्ता भाडेकरू भरेल?

पत्राचा सारांश: लेखिका ४६ वर्षांच्या, नोकरदार. राहतं घर स्वतःचं, त्यावरचं कर्ज फिटलेलं. साठाव्या वर्षी निवृत्ती. बचत आणि वडिलांकडून वाट्याला आलेली रक्कम मिळून दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या किमतीच्या जेमतेम निम्मे पैसे हाताशी आहेत. उरलेल्या पैशांसाठी २० वर्षांचं कर्ज काढून, घरापासून दहा मिनिटांवरचा एक फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा, असा विचार. एका सहकाऱ्याचा फ्लॅट आठ वर्षांत ‘डबल’ झाला आहे. एजंट म्हणतो, हप्ता भाड्यातूनच सुटेल. पण महिनाअखेरपर्यंत टोकन दिलं नाही तर भाव वाढेल. पतीचं म्हणणं, बाजार तापलाय, पडला की घेऊ. यावरून घरात धुसफूस चालू आहे. त्या विचारतात: आता घ्यावं की थांबावं? निवृत्तीनंतर भाड्याचा आधार होईल ना?

उत्तर:

पतीचं आणि तुमचं मत उलट आहे असं तुम्हाला वाटतंय, पण मला तुम्ही दोघं एकाच बाजूला उभे दिसता. भाव चढणार हा तुमचा अंदाज, उतरणार हा त्यांचा. नजर दोघांचीही भावावर. ज्याच्या भाड्यावर निवृत्तीनंतरचा खर्च चालवायचा, तो भाडेकरू तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एकाच वाक्यात येतो, आणि ते वाक्यही एजंटचं आहे. म्हणून आपण भाड्यापासून सुरुवात करू.

फ्लॅटची किंमत १०० धरू, म्हणजे हेच गणित इतर वाचकांनाही त्यांच्या घराला लावता येईल. तुम्ही कळवलेलं भाडं या हिशेबात वर्षाला ४ येतं. आता वजाबाकी. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा आहे, अशा मधल्या काळात घर रिकामं राहतं. वर्षाला सरासरी एक महिना धरला तर ०.३३ गेले. इमारतीचा देखभाल खर्च ०.४५. नळ, गीझर, रंग, गळती यांसाठी ०.४. मालमत्ता कर आणि विमा ०.२. एजंटचं कमिशन आणि करारनामा ०.१२. राहिले अडीच, आणि त्यावरचा प्राप्तिकर अजून धरलेलाच नाही. शिवाय १०० चा फ्लॅट भाड्याने देण्याजोगा होईपर्यंत १०७ च्या घरात जातो: मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, पंखे, दिवे, कपाटं. हे खर्च मी अंदाजाने धरले आहेत. त्या इमारतीतल्या खऱ्या पावत्या मिळवा आणि माझे आकडे खोडून तुमचे लिहा.

तुमचे ४७ आणि बँकेचे ६०. व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर वर्षभराचे हप्ते होतात साधारण साडेसहा. घर देणार अडीच, बँक घेणार साडेसहा. मधले चार दरवर्षी तुमच्या पगारातून जाणार, आणि हे चार म्हणजे भाडेकरू वर्षभरात देईल त्या सगळ्या भाड्याएवढे. एजंटच्या वाक्यात तथ्य आहे, पण पाचात दोन भाग. उरलेले तीन भाग तुमचे.

‘पण भाडं वाढत जाईल, हप्ता तेवढाच राहील’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. किती वाढेल तेही पाहू. हाती उरणारं भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं, तर अडीचचे साडेसहा व्हायला साडेएकोणीस वर्षं लागतात. तोपर्यंत कर्जच संपत आलेलं असेल. दरम्यान व्याजदर ९ वरून ११ वर गेला, तर तेवढ्याच मुदतीसाठी हप्त्यांत वर्षाला जवळजवळ १ ची भर पडेल.

याहून जास्त मला तुमच्या वयाचा हिशेब खटकला. ४६ व्या वर्षी घेतलेलं २० वर्षांचं कर्ज ६६ व्या वर्षी संपतं, आणि तुमचा पगार साठाव्या वर्षी थांबतो. चौदा वर्षं हप्ते भरल्यावर बरंचसं फिटलं असेल असं वाटतं ना? सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी ६० पैकी ३० अजून देणं असेल. कर्ज चौदा वर्षांतच फेडायचं ठरवलंत तर वर्षाचे हप्ते साडेसातच्या वर जातील, आणि फरक चारवरून पाचवर. निवृत्तीच्या आधारासाठी घेतलेलं घर निवृत्तीनंतरची पहिली सहा वर्षं तुमच्याच पेन्शनीकडे हात पसरणार असेल, तर ते आधी माहीत असलेलं बरं. कर्ज मंजूर करताना बँक तुमचं वय बघेल, पण ‘मुदत वाढवून देतो’ म्हणणारेही भेटतील. मुदत वाढवल्याने हप्ता लहान होतो, देणं लहान होत नाही.

आता सहकाऱ्याचा फ्लॅट. आठ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ९ टक्के चक्रवाढ. त्यांचंही कर्ज ९ टक्क्यांच्या आसपासचं असेल, तर कर्जाच्या पैशांवर भाववाढीने जे दिलं ते व्याजाने नेलं. नफा झाला तो त्यांनी स्वतः घातलेल्या पैशांवर, शिवाय भाडं. वाईट नाही, पण ‘डबल’ हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर येतं तेवढंही नाही. आणि एक विचारून बघा: त्यांनी तो विकलाय का? बहुतेक वेळा असा आकडा म्हणजे शेजारच्या मजल्यावरच्या कुणीतरी मागितलेला भाव असतो. मागितलेला आणि मिळालेला, या दोन भावांमध्ये तापलेल्या बाजारातही अंतर असतं. ज्यांचे फ्लॅट आठ वर्षं जागच्या जागी राहिले, ते जेवणाच्या सुट्टीत हा विषय काढत नाहीत.

तुमच्या बाबतीत बरोबरी कुठे होते? पहिल्या वर्षाचं व्याज ५.४. तुमचे ४७ कुठेतरी सुरक्षित ठेवीत ६ टक्क्यांनी राहिले असते तर २.८ मिळाले असते. दोन्ही मिळून ८.२, त्यातून भाड्याचे अडीच वजा केले की ५.७. म्हणजे भाव वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास चढला, तर घर न घेता जिथे असता तिथे तुम्ही पोहोचता. त्याहून जास्त चढला तर फायदा. उतरला तर काय होतं तेही बघून ठेवा: भाव १० टक्क्यांनी घसरला तरी बँकेचे ६० साठच राहतात, तुमच्या ४० चे (४७ पैकी ७ वरच्या खर्चात गेले) मात्र ३० होतात. कर्ज चढतीत जितकं वर नेतं, उतरतीत तितकंच खाली ओढतं.

घर ही कधीच न फसणारी गुंतवणूक, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की तपासावंसं वाटत नाही. ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा एक कालवा आहे. त्याच्या काठच्या घरांचे १६२८ ते १९७३ या काळातले व्यवहार पीट आयखहोल्ट्स या अभ्यासकाने जुळवून पाहिले. शहरातली इतकी प्रतिष्ठित वस्ती, पण महागाई वजा केल्यावर साडेतीन शतकांत भाव दुपटीच्या आसपासच पोहोचले. दुसरीकडे ऑस्कर जोर्दा, मोरित्झ शुलारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ प्रगत देशांचे १८७० ते २०१५ पर्यंतचे आकडे एकत्र केले, तेव्हा महागाई वजा जाता घरांचा एकूण परतावा शेअर बाजाराच्या तोडीचा, वर्षाला ७ टक्क्यांच्या जवळ निघाला. दोन्ही निष्कर्ष एकत्र कसे नांदतात? भाड्यामुळे. दुसऱ्या अभ्यासातल्या परताव्यात मोठा वाटा भाड्याचा होता, भाववाढीचा लहान. भाडंच जिथे किमतीच्या मानाने तोकडं आहे, तिथे त्या ७ टक्क्यांचा हवाला तुम्हाला फारसा उपयोगी नाही. शिवाय ती हजारो घरांची सरासरी आहे. तुम्ही एकच घर घेणार, आणि त्याच्या छताला गळती लागली तर ती सरासरीत वाटली जात नाही.

पतींनाही थोडं विचारायला हवं. बाजार पडेल तेव्हा घेऊ, म्हणजे नक्की कधी? घरांचे भाव शेअरसारखे एका दिवसात कोसळत नाहीत. बॉस्टनमधल्या फ्लॅटच्या १९९० च्या दशकातल्या व्यवहारांचा डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी अभ्यास केला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावं लागणार होतं, ते मालक इतरांपेक्षा चढा भाव लावून बसत आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत. तोटा मान्य करायला कुणाचं मन होत नाही. त्यामुळे आधी व्यवहार कमी होतात, भाव मागाहून हलतो. काही वेळा तो हलतच नाही, नुसता थिजतो. महागाई ६ टक्के असताना भाव सात वर्षं जागेवर राहिला, तर कागदावर काहीच घडलेलं नसतं, प्रत्यक्षात घर एक तृतीयांशाने स्वस्त झालेलं असतं. पती ‘पडण्याची’ वाट बघत असतील आणि ते त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जाईल.

मोठ्या घसरणी होतात, हे त्यांचं खरं आहे. हाँगकाँगमध्ये १९९७ ते २००३ या काळात भाव ६० टक्क्यांहून जास्त उतरले. आयर्लंडमध्ये २००७ नंतरच्या सहा वर्षांत निम्म्यावर आले. जपानच्या मोठ्या शहरांत १९९१ च्या सुमारास शिखर गाठल्यावर जमिनीच्या किमती पंधरा वर्षांच्या आसपास घरंगळत होत्या. पण अशा वेळी बँका कर्ज देताना हात आखडतात आणि नोकऱ्यांवर गदा येते. स्वस्ताईत खरेदी करायला रोख पैसा आणि पक्की नोकरी दोन्ही लागतात. तुमच्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली असताना ते उत्साहाने फ्लॅट बघायला निघतील का, हे त्यांना जरूर विचारा. (भांडण वाढवायला नाही. उत्तर कदाचित ‘हो’ असेल, मग त्यांची वाट बघणं हा खरोखरच बेत आहे.)

मग बाजार वाचायचा कसा? भाडं आणि भाव यांची चाल शेजारीशेजारी ठेवून. भाडं माणसं महिन्याच्या पगारातून देतात. ते देण्यासाठी कुणी २० वर्षांचं कर्ज काढत नाही. भाव कर्जातून आणि आशेतून तयार होतो, म्हणून तो पगारांना सोडून बराच पुढे पळू शकतो. तुमच्या भागात पाच वर्षांपूर्वी अशा फ्लॅटची किंमत किती वर्षांच्या भाड्याएवढी होती आणि आज किती आहे, हे काढा. आज ती २५ वर्षांच्या भाड्याएवढी आहे. तेव्हा १८ असेल, तर लोक भाड्यासाठी घरं घेत नाहीयेत, पुढच्या गिऱ्हाइकासाठी घेतायत. अमेरिकेत २००६ ते २०१२ दरम्यान देशभरातले भाव सरासरी पाव हिश्शाहून जास्त उतरले. भाडी मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिली. भाड्यात खर्च भागत होता त्या मालकांना ती वर्षं काढता आली. दोन वर्षांत विकून मोकळं व्हायचा बेत असलेले अडकले.

दुसरी खूण म्हणजे साठा. परिसरात विक्रीला असलेली घरं, भागिले महिन्याला प्रत्यक्ष विकली जाणारी घरं. साधारण सहा महिन्यांचा साठा हा समतोल मानायची पद्धत आहे. बारा असेल तर घाई विकणाऱ्याला असायला हवी, तुम्हाला नव्हे. यात येत्या दोन-तीन वर्षांत ताबा मिळणार असलेल्या इमारतीही धरा, कारण तुमचा भाडेकरू नव्या कोऱ्या लिफ्टच्या इमारतीकडे बघणारच. बिल्डर सहसा भाव जाहीरपणे उतरवत नाही. फुकट पार्किंग, तयार किचन, ताब्यानंतर हप्ते, अशा सवलती वाढायला लागल्या की समजावं, भाव आतून उतरलाय.

आणि गावाचं पोट कशावर चालतं? तुमची नोकरी, राहतं घर आणि हा फ्लॅट, तिन्ही दहा मिनिटांच्या अंतरात आहेत. लक्ष ठेवायला सोयीचं, पण तिथला एखादा मोठा उद्योग हलला तर तिन्हींना एकदम झळ बसेल. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये सात लाखांवर आली. माणसं निघून गेली, घरं उचलून नेता येत नाहीत. मग बांधायला जेवढा खर्च येईल त्याहून कमी किमतीला ती विकावी लागतात. तुमच्या गावाचं तसं होईल असं मी म्हणत नाही. एकाच मोठ्या कंपनीवर जगणाऱ्या वस्तीत मात्र मी दुसरं घर घेणार नाही.

भाडेकरू ठेवणं हे काम आहे, हेही पत्रात कुठे आलेलं नाही. रात्री अकराला पाणी येत नाही म्हणून फोन तुम्हाला येईल. भाडं थकलं तर मागायला तुम्ही जाल. अनामत परत देताना भिंतीवरच्या खिळ्यांवरून वाद तुमच्याशी होईल. यात एक गोष्ट फार लोक चुकवतात. चांगल्या भाडेकरूला पाच टक्के वाढ सांगायची, तो सोडून जातो, घर महिनाभर रिकामं. त्या एका महिन्यात वर्षाच्या भाड्यातले आठ टक्क्यांहून जास्त गेले, वर कमिशन आणि रंग. वेळेवर भाडं देणारा, घर नीट ठेवणारा माणूस मिळाला तर बाजारभावाच्या थोडं खाली राहून त्याला टिकवणं हा साधा व्यवहार आहे. करार मात्र रीतसर नोंदवा, कागदपत्रं तपासा, ओळखीतला असला तरी. ओळखीतला असला तर जास्तच.

तर तुमच्यापुढे काय काय आहे? हाच फ्लॅट एवढ्या कर्जावर घेणं मला तुमच्या वयाला जड वाटतं. थांबूच नये, असंही काही घडलेलं नाही. तिसरा रस्ता तुमच्या पत्रात नाही: लहान घर. तुमच्याकडे ४७ आहेत. किंमत ६१ असलेला एका बेडरूमचा फ्लॅट बघितलात, तर वरचा खर्च धरून कर्ज १८ च्या आसपास लागेल. लहान घरांचं भाडं किमतीच्या मानाने बहुधा थोडं जास्त असतं. खर्च जाऊन ३ टक्के उरले तर वर्षाला १.८ मिळतील, आणि २० वर्षांच्या कर्जाचे हप्ते होतील जवळजवळ २. आता भाडेकरू हप्ता भरतो हे वाक्य खरं व्हायला लागलं. थोडी भर घातलीत तर साठीच्या आधी कर्ज संपेल आणि निवृत्तीच्या पहिल्या महिन्यापासून भाडं पूर्ण तुमचं. मात्र त्यासाठी सगळे ४७ रिकामे करू नका. सहा महिन्यांचा घरखर्च आणि फ्लॅटचा एक वर्षाचा खर्च बाजूला राहिलाच पाहिजे, मग घर आणखी लहान किंवा आणखी जुनं घ्यावं लागलं तरी चालेल. जुन्या इमारतीत मात्र लिफ्ट, पाण्याच्या टाक्या आणि छप्पर यांची मोठी दुरुस्ती कधी झाली होती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मालकीची कटकट नको आणि भाड्याचा वाटा हवा असेल, तर शेअर बाजारात नोंदलेले ‘रीट’ अनेक देशांत आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून इमारती घेणाऱ्या आणि त्यांचं भाडं गुंतवणूकदारांत वाटणाऱ्या संस्था. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने त्यांची सुरुवात झाली. बऱ्याच रीटकडे कार्यालयं आणि मॉल असतात, राहती घरं कमी, आणि त्यांची किंमत रोज हलते. पण त्यातले थोडे विकून दवाखान्याचं बिल भरता येतं. फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

पुढचे सहा महिने एक करून बघा. मोठ्या फ्लॅटसाठी जो फरक दरवर्षी खिशातून जाणार होता, त्याचा बारावा भाग दरमहा पहिल्या तारखेला वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. मुलांची फी, लग्नकार्यं, आजारपण यातूनही ते जमलं, तर हप्ता झेपतो हे तुम्हालाच कळेल, आणि पैसे तुमच्याकडेच असतील. चौथ्या महिन्यात खात्याला हात घालावा लागला, तरी निर्णय झाला. पतींसोबत बसून हा कागद एकत्र मांडा: तीन महिने घर रिकामं, व्याज दोन टक्क्यांनी वर, भाव सात वर्षं जागेवर. या तिन्हींत तुमचं कसं निभेल ते दोघांनी लिहून काढा. भाव चढेल की पडेल, यावर तुमचं एकमत व्हायची गरज उरणार नाही.

महिनाअखेरच्या टोकनाबद्दल. एजंटला फोन करा आणि सांगा, त्याच इमारतीतल्या भाड्याने दिलेल्या तीन फ्लॅटचं गेल्या दोन वर्षांतलं भाडं आणि रिकामे गेलेले महिने मला हवेत. नावं झाकून करार दाखवले तरी चालतील. शिवाय गेल्या सहा महिन्यांत तिथे नोंदणी झालेल्या विक्रीच्या किमती. हे दाखवणारा एजंट मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा, लहान फ्लॅट शोधायलाही तोच कामाला येईल. ‘तेवढा वेळ नाही, दुसरी पार्टी तयार आहे’ असं उत्तर आलं, तर तो फ्लॅट दुसऱ्या पार्टीला घेऊ द्या.